बाटलीतली मोहरी

पानाच्या इवल्याशा तुकड्यापासून बाटलीत वाढवलेली, तांबेरा रोगाला दाद न देणारी मोहरी सात हिवाळ्यांनी आमच्या लुधियान्याच्या प्रयोगशाळेत कुंड्यांमध्ये उभी राहिली होती. तेवढीच जगली होती. आज दुपारी जाळीघरात गेले, तर कुंड्यांत नुसती खुंटं!

"बचित्तर! कोणी खुडली?"

माळ्याने मान खाली घातली. "मोठ्या साहेबांनी खुडायला लावली, बीबीजी. दिल्लीच्या पाहुण्यांना जेवणात मोहरीच्या पानांचा साग हवा होता."

मी तशीच जेवणघरात घुसले. आमचे संचालक बराड साहेब पाहुण्यांच्या मक्याच्या रोटीवर लोण्याचा गोळा ठेवत होते. माझा चेहरा बघून ते कानाशी कुजबुजले, "हरलीन, चार पानांसाठी तमाशा नको. ही मंडळी खूश झाली, तर तुझ्याच कामाला पैसा मिळणार आहे."

"वा जी, काय कोवळा साग!" दिल्लीच्या अनुदान समितीचे अध्यक्ष बोटं चाटत म्हणाले. "चला मॅडम, आता तुमची ती बाटलीतली मोहरी दाखवा."

मी पातेलं उचललं आणि उरलासुरला साग त्यांच्या ताटात उपडा केला.

"ही बघा. दुसरी शिल्लक नाही."