सात किलोमीटर

"साहेब, गाडी तुम्ही शोधली नाही. तुम्ही ती लपवली!"

हेमराजनं मोबाइल ठाणेदाराच्या टेबलावर आपटला. "हे बघा. चौदा तारीख, चार सत्तेचाळीस. मी सुरतहून गाडीत बसलेलो, माझी बायको रोहिणी फोनवर बोलत होती. बोलता बोलता धाडकन आवाज झाला नि फोन गेला. भर उजेडात, धानोरा रोडच्या पुलाजवळ. मिरची वाळवायच्या पथारीवरच्या बायांनी काळी लांब गाडी पाहिली. आणि तुम्ही कागदावर लिहिता, अज्ञात वाहन!"

साहेबांनी मोबाइलकडे पाहिलंसुद्धा नाही. "मोठ्या गाडीवाल्यांच्या नादी लागू नको, मिस्तरी. पुरावा आण. मग बोल."

गॅरेजवाला सुकलाल वस्ताद दारातच उभा होता. त्यानंच हेमराजला खांद्याला धरून बाहेर काढलं. बारा वर्षांपूर्वी हातात पहिला पाना दिला तोही यानंच. रोहिणीला खांदा दिला, दहा दिवस एक वेळच जेवला. हेमराजला बाप नव्हता, आणि वस्तादमुळे त्याला तो कधी लागलाही नव्हता.

दोघं गॅरेजवर आले तर दारात गाडी उभी. काळी, लांब, जर्मन. पलीकडच्या गावातल्या केळीच्या बागायतदाराची. ड्रायव्हर दलसिंग, सातपुड्यातला, बोनेटला टेकून तंबाखू मळत होता.

"वस्ताद, इंजिनना दिवा परत पेटी गया."

"कोड पुस नि दी टाक," सुकलाल हेमराजला म्हणाला. "हवेचा सेन्सर असंल. मालक थांबणार नही."

वस्तादची रीत ठरलेली. स्कॅनरनं बिघाडाचा कोड पुसायचा, धानोरा रोडला पुलापर्यंत सात किलोमीटर ट्रायल मारायची. परत येईतो दिवा पेटला नाही तर किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात. जुना स्कॅनर इंजिनापुरतंच वाचायचा, त्यामुळे वस्तादला त्याहून जास्त काही ठाऊक नव्हतं.

दलसिंगनं गाडी आत घेतली. हेमराजनं जुन्याला हात लावला नाही. नवा काढला. चौदा तारखेला तो सुरतला गेला होता तो हा आणायलाच. हा गाडीतला एकेक इलेक्ट्रॉनिक डबा उघडून वाचतो. कधी काय झालं, किती वाजता, किती किलोमीटरवर, सगळं. बायकोच्या जिवावर आलेली वस्तू म्हणून अजून खोक्यातच होती.

"त्याले कशाले इतकं?" सुकलाल म्हणाला. "जुनाच लाव."

"राहू द्या. आज हाच."

हवेच्या सेन्सरचा कोड आला. मग गिअरबॉक्स. मग ब्रेक. मग पुढच्या बंपरमधल्या टक्कर-सेन्सरची नोंद उघडली आणि हेमराज पडद्यावर वाकला.

१४ तारीख. दुपारी ४:४७. वेग ९३. ३८,२१८ किलोमीटर.

खाली पट्टी सरकत होती. वाचन चालू, साठ टक्के.

त्यानं वाकून बंपरवर बोट फिरवलं. रंग नवा होता. नखानं खरवडल्यावर पापुद्रा निघाला.

"वस्ताद," तो म्हणाला. "शटर ओढा."

सुकलालनं पडद्यावर एक नजर टाकली. काही न विचारता शटर खाली ओढलं. आतून कडी घातली.

हेमराजच्या हातातला जॅकचा दांडा पहिल्यांदा दलसिंगच्या गुडघ्यावर बसला. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला.

"कोन व्हतं स्टेअरिंगवर? तू का तुन्हा मालक?"

"दादा, काय झाये? मी काय करं?"

"चौदा तारीख! मन्ही बायको!"

दुसरा घाव मनगटावर. दलसिंग टायरांच्या चळतीवर पडला, चळत त्याच्या अंगावर. त्याखालून हेमराजनं त्याला केसाला धरून ओढला. तेलकट फरशीवर रक्ताची रेघ उमटली.

"देवनी आन, दादा! मी नही व्हतू! गाडी तं त्या रोज…"

सुकलालचा पाना त्याच्या तोंडावर बसला. दोन दात उडून ड्रमाखाली गेले.

"खोटं बोलस!" सुकलाल ओरडला. "मार त्याले, हेमराज! साहेब लोक याले हात लावणार नहीत. आपलं आपणच करानं!"

आणि हेमराजनं मारलं. साहेबाच्या टेबलासाठी मारलं, अज्ञात वाहनासाठी मारलं, फोनमधल्या त्या आवाजासाठी मारलं. दलसिंगनं एक हात वर केला. सुकलालकडे बोट केलं, जणू म्हणत होता, यानं तरी मला सोडवावं. तोंडातून नुसते बुडबुडे आले. सुकलालनं त्या तोंडावर पुन्हा पाना घातला. मग बोट खाली पडलं.

दलसिंग हलेना.

हेमराज धापा टाकत भिंतीला टेकला. दांड्याला केस चिकटले होते. बाहेर रिक्षावाला हॉर्न देत गेला.

"पुसी टाक," सुकलाल म्हणाला. "कोड पुसी टाक. गाडी मी नदीकडे लई जास."

"पुसू?" हेमराज हसला, रडल्यासारखा. "हाच तर पुरावा, वस्ताद. आता साहेबाच्या तोंडावर मारतो. मग मला फाशी देऊ दे खुशाल."

स्कॅनर टुण्ण वाजला. वाचन पूर्ण. शंभर टक्के.

रक्ताळलेल्या बोटानं त्यानं पडदा वर सरकवला. टक्करीच्या नोंदीआधीची एक नोंद आता उघडली होती. त्यानं ती वाचली. पुन्हा वाचली. मग दोन नोंदींमधले किलोमीटर ओठांनी मोजले, आणि मोजता मोजता त्याची नजर भिंतीवर खिळ्याला टांगलेल्या जुन्या स्कॅनरवर गेली.

१४ तारीख. दुपारी ४:४०. ३८,२११ किलोमीटर. इंजिन कोड पुसला.

दांडा त्यानं पुन्हा उचलला.

"वस्ताद, त्या रोज ट्रायलले कोन गयथा?"