मिटलेल्या केसचा पुकारा

कोर्ट उठलं तेव्हा शिपायाचा घसा पार बसला होता. दिवसभर दारात उभं राहून आरोपींची नावं पुकारायची, हेच त्याचं काम. सोबतचे त्याला भोंगा म्हणत. एके काळी हाच भोंगा चर्चमधल्या कीर्तनात मेहुण्याच्या मागे उभा राहून ध्रुपद धरायचा, तेव्हा बाया डोळे पुसायच्या.

दुपारीच मेहुण्याचा फोन येऊन गेला होता. "भावजी, आज कीर्तन आहे. ध्रुपदाला या ना."

"माझ्या तोंडून नको. आईने बोलावलं तर 'उद्या येतो' म्हणणारं तोंड हे. उद्या गेलो तो तिला माती द्यायला."

"अहो, आख्यान त्यावरच आहे. दोष लावणाऱ्या सैतानाला स्वर्गातून खाली ढकललंय!"

"ढकललाय ना? माझ्याकडेच मुक्कामाला आलाय."

प्रभूची क्षमा मागून झाली होती, चर्चच्या पाळकांपुढे रडून झालं होतं. तरी जरा अंग टेकलं की आतून पुकारा व्हायचा, आणि हा बापडा उठून उभा राहायचा.

खिडक्या लावत तो बाहेर आला, तर बाकावर म्हातारा शिंपी बसलेला.

"आजोबा, उठा. कुलूप लावायचंय."

"माझं नाव राहिलं का रे बाबा?"

"तुमचं? तुमची केस मिटली की मागच्याच आठवड्यात!"

"पण शेजाऱ्याला गज मारला होता मी. खरंच मारला होता."

"मारला होतात. नाही कोण म्हणतंय? थोरल्या भावाने तुमचा दंड भरला, साहेबांनी सही केली, संपलं."

"आणि उद्या कुणी पुकारलं तर?"

"कोण पुकारणार? मिटलेल्या केसचं नाव पुकारलं तर माझीच नोकरी जाईल." शिपायाने त्याला हाताला धरून उठवलं. "आणि बाहेर कुणी कितीही बोंबललं, तरी तुम्ही उभं राहायचं नाही. जा घरी, सूनबाई वाट बघत असेल."

म्हातारा भिंतीच्या आधाराने पायऱ्या उतरून गेला. शिपाई कुलूप हातात घेऊन तसाच थांबला. मग पाय अगदीच बोलायला लागले, म्हणून त्याच बाकावर टेकला.

आणि आतून पुकारा झालाच. आईने हाक मारली होती. तू गेला नाहीस. हजर व्हा!

सवयीने त्याचे हात गुडघ्यांवर गेले. तिथेच राहिले; तो उठला नाही.

"नव्हतो गेलो," तो म्हणाला.

रिकाम्या व्हरांड्यात त्याने घसा खाकरला, आणि बसल्या जागेवरून, फाटक्या आवाजात, ध्रुपद धरलं.