ॲम्पच्या मागे

बँडच्या मास्तरांनी हात वर केला आणि ॲम्पच्या, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या खोक्याच्या, मागे स्टुलावरची बाई सावरून बसली.

तीन गाणी ठरली होती. ती नीट वाजली तर रविवारच्या कार्यक्रमाला गिटारवर तिचाच नवरा. नाहीतर मास्तरांनी दुसऱ्या माणसाला सांगून ठेवलं होतं. तालमीच्या खोलीच्या दाराशीच त्यांनी तिला गाठून सांगितलं होतं, "वहिनी, राग मानू नका. मलाही वाईट वाटतंय. पण समोर बसलेल्यांना आपली दुखणी सांगत बसता येत नाही."

नवऱ्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं त्याला आठ महिने झाले होते. चालणं सुधारलं, बोलणं सुधारलं, डाव्या हाताची बोटं तर तारांवर पूर्वीसारखीच पळत होती. पण तारा छेडणारा उजवा हात मऊ पडला होता. सूर यायचे बरोबर, पण पातळ, पाणी घातलेल्या दुधासारखे.

म्हणून आदल्या दिवशीच तिने त्याला न सांगता गिटार-ॲम्पच्या दुरुस्तीवाल्याचं दुकान गाठलं होतं. दुरुस्तीवाल्याने मुठीत मावेल एवढी पत्र्याची डबी काढून दिली. वर एकच बटण आणि एक लाल दिवा.

"क्लीन बूस्ट म्हणतात याला. गिटार आणि ॲम्पच्या मध्ये जोडायचं," तो म्हणाला. "नुसता ॲम्प वाढवलात तर पातळ आवाजच मोठा होईल. ही डबी आवाजाला आत शिरायच्या आधीच बळ देते, म्हणून तो भरून येतो. पण एक ध्यानात ठेवा, वहिनी. ही आपल्या पदरचं काही घालत नाही. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि चूक झाली, तर चूकही तेवढीच मोठी."

आजारपणापासून ॲम्प उचलणं, वायरी जोडणं तिच्याकडेच आलं होतं, त्यामुळे डबी लपवणं काही अवघड गेलं नाही. ॲम्पच्या मागे ठेवली, तिच्या लाल दिव्यावर जखमेला लावायची पट्टी चिकटवली, वर आपला स्वेटर टाकला आणि स्वेटराखाली हात घालून ती बसली.

पहिला सूर निघाला आणि खोली भरली. ड्रमवरचा जाड्या "आयला!" म्हणाला आणि त्या नादात त्याचा ठोका चुकता चुकता राहिला. नवऱ्याने क्षणभर आपल्या उजव्या तळहाताकडे पाहिलं. मग तो पुढे वाजवायला लागला.

ही गाणी तिने वीस वर्षं घरात ऐकली होती. लांब सूर कुठे आहे, पळती जागा कुठे आहे, सगळं तिला पाठ. लांब सुराला ती बटण वाढवायची. पळत्या जागेत त्याचा हात अडखळणार हे ठाऊक असल्यामुळे तिथे चटकन कमी करायची. डोळ्यांत तेल घालून ती त्याच्या कोपराकडे बघत होती. नवऱ्याच्या पाठीमागे हे असलं करणं बरं नव्हे, हे तिला कळत होतं. पण आठ महिने भिंतीकडे तोंड करून बसलेला माणूस तिने पाहिला होता. आज नकार मिळाला तर तो पुन्हा तसाच बसेल, या भीतीपुढे तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

दुसऱ्या गाण्यात एका जागी तिला किंचित उशीर झाला. नवऱ्याच्या बोटांतला तारा छेडायचा प्लास्टिकचा तुकडा तारेवर खर्रकन घसरला आणि तो आवाज अख्ख्या खोलीला ऐकू गेला. मास्तरांची भुवई वर चढली. तिने घामेजलेली बोटं स्वेटराला पुसली.

तिसरं गाणं. त्यात मधोमध सगळा बँड थांबतो. चार मात्रा चिडीचूप, आणि मग एकट्या गिटारचा एकच लांब सूर. तिचा सगळा जीव त्या सुरात अडकला होता.

बँड थांबला. एक. दोन. नवऱ्याचा हात वर गेला, आणि त्याला हा सूर पेलणार नाही असं तिला वाटलं. तिसऱ्या मात्रेलाच तिने बटण पार शेवटपर्यंत फिरवलं.

घूंऽऽऽ.

कुणी काही वाजवत नव्हतं आणि वाढवलेल्या बटणामुळे ॲम्प एकटाच घुमत होता. जाड्या छताकडे बघायला लागला. मास्तर तडक ॲम्पच्या मागे आले, खाली वाकले आणि त्यांनी स्वेटर उचलला. डबी, पट्टी आणि बटणावरची तिची दोन बोटं.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. तिने बटण शून्यावर आणलं.

"माझंच चुकलं, मास्तर," ती कशीबशी म्हणाली. "ह्यांना यातलं काही माहीत नाही."

"माहीत नसायला काय झालं?" नवरा म्हणाला. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही. "पहिल्या सुरालाच कळलं. हात माझाच आहे ना."

त्याने तारा छेडायचा तुकडा बोटांत नीट धरला.

"पण तू घाई केलीस," तो म्हणाला. "चौथी मात्रा सरू दे, मग फिरव."

मास्तर हातात स्वेटर घेऊन तसेच उभे राहिले. मग त्यांनी तो घडी करून तिच्या मांडीवर ठेवला आणि आपल्या जागी गेले.

"परत. बँड थांबतो तिथून."

त्यांनी हात वर केला. त्यांची नजर जाड्यावरून, गिटारवरून फिरत शेवटी ॲम्पच्या मागे येऊन थांबली.

"वहिनी, तयार?"