एका चुलीचं वरण

डॉक्टर अजीजची सायकल वेशीत दिसली, तसा भिवाजी पुन्हा एकदा भावाच्या स्वयंपाकघरात डोकावला. त्याची स्वतःची बायको पंचफुला चुलीपुढं भाकरी थापत होती, भावजय चतुराबाई मागं पाट्यावर मिरची वाटत होती. दोघींची तोंडं दोन दिशांना. दोघी एका छपराखाली बसल्या यातच अर्धं काम झालं, असं त्यानं मनाला सांगितलं. मनानं ऐकलं नाही.

दुष्काळ सरल्यावर यंदा पहिल्यांदा गावात हळद कंबरेला लागली होती. ते बघूनच कुरुंद्याच्या या डॉक्टरनं वर्षाच्या औषधपाण्याची बोली काढली होती. माणशी घ्या, नाही तर चुलीमागं घ्या. माणशी घेतली तर धडधाकटाचं थोडं आणि जुन्या दुखण्याचं दुप्पट. चुलीमागं घेतली तर काढणीनंतर मणभर हळद. मग त्या चुलीवर जेवणारी तोंडं किती आणि त्यांचे दमे किती, हे तो विचारणार नव्हता. अट एवढीच, की चूल स्वतः येऊन बघणार आणि तिच्यावरचं जेवून जाणार.

भिवाजी आणि धाकटा कोंडीबा वेगळे निघाल्याला वर्ष झालं होतं. आई जनकाबाई महिना इकडं जेवायची, महिना तिकडं. तिचा दमा मात्र दोन्हीकडं मुक्कामाला. मागच्या थंडीत तिला बैलगाडीतून वसमतला नेताना भिवाजी वाटेत गाडी थांबवून तिच्या नाकाशी हात धरून बघत होता. आता पुन्हा थंडी तोंडावर आली होती. म्हणून भावाभावांनी दबक्या आवाजात ठरवलं, हळद निम्मी निम्मी द्यायची आणि चूल एकच दाखवायची. बायकांना विचारलं नाही, सांगितलं.

भिवाजीच्या घरातली चूल विझवून, सारवून, तिच्यावर डालग्याखाली कोंबडी बसवली होती. युक्ती भिवाजीची. सकाळचा चहा त्याच चुलीवर झाला होता, हे तेवढं युक्तीवाल्याच्या ध्यानात राहिलं नाही.

डॉक्टरनं सायकल भिंतीला लावली आणि आधी त्याच घरात शिरला. डालग्याखाली कोंबडी एक पाय उचलत होती, मग दुसरा.

"ही काहून नाचून राहिली?"

भिवाजी डालगं सारखं करायला वाकला. ओट्यावर धापा टाकत बसलेली जनकाबाई म्हणाली, "तिला दमा न्हाई, म्हणून नाचती. मला बसवा तितं, हालणार न्हाई."

डॉक्टर हसला, पण चुलीकडं जरा जास्तच वेळ बघत राहिला. मग कोंडीबाच्या घरात येऊन जेवायला बसला. भाकरी चुरली, वरण ओतलं, घास घेतला आणि थांबला. तांब्या उचलून अर्धा रिकामा केला.

"मीठ कोणी घातलं?"

"मी," पंचफुला म्हणाली.

"मी," चतुराबाई म्हणाली.

भिवाजीनं डोळे मिटले. चला, हळद तरी वाचली, असं त्या क्षणी कुणी म्हणालं असतं तर त्यानं त्याच्या थोबाडीत दिली असती.

"मी घातलं व्हतं, तर तू काहून घातलंस?" वर्षात पहिल्यांदा पंचफुला जावेकडं तोंड करून बोलली.

"तुमी सांगितलं का, बाई? पाठ करून बसल्या व्हत्या. माज्या घरचं वरण, मला बघायचं न्हाई?"

"चाखून बघितलं असतंस तर घातलं असतंस का?"

"चाखायचं कशाला? तुमच्या हाताला मीठ असतंय का कदी?"

"अगं, गप बसा की," कोंडीबा पुटपुटला. दोघींपैकी कुणालाच ते ऐकायला सवड नव्हती.

डॉक्टरच्या पंगतीला बसलेल्या जनकाबाईनं मधेच आपली वाटी पुढं सरकवली. "मला आनिक वाढा. बराबर झालंय." आणि तोंड जरासुद्धा वाकडं न करता ते वरण ओरपलं.

डॉक्टरनं तिच्याकडं पाहिलं. तिच्या वरखाली होणाऱ्या खांद्यांकडं पाहिलं. मग आपल्या पानातलं उरलेलं कसंबसं संपवलं. म्हातारीला सुई टोचून हात धुताना तो म्हणाला, "दोन चुलींच्या बाया एकमेकींच्या मिठावरून भांडत न्हाईत, भिवाजीभाऊ. एक चूल. मंजूर."

भिवाजीचा जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच सायकलवर टांग टाकता टाकता डॉक्टरनं राहिलेलं सांगितलं, "वरसभरात कव्हा बी येईन. जेवायलाच येईन. सांगून येणार न्हाई."

दिवस कलला. पंचफुलानं खापरीत विस्तव घेतला आणि ती आपल्या घराकडं निघाली. भिवाजी अंगणात पुढं झाला, मागं झाला. आत कोंबडी गार पडलेल्या चुलीवर पंख पसरून निवांत बसली होती. पंचफुलानं तिला उठवायला हात घातला, तर तिनं टोच मारली.

पंचफुला अंगणात परत आली. खापरी हातात तशीच. तिनं रस्त्याकडं बघितलं, मग ओट्यावर निजलेल्या सासूकडं. म्हातारीची छाती आता सावकाश हलत होती. पलीकडं चतुराबाईनं चुलीवर पातेलं ठेवल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ तिचाही, मान न वळवता:

"बाई, आज मीठ कोन घालणार?"