दारावरचा चिखल

"खोटं कशाला बोलू? माझ्या नवऱ्यानं दर शनिवारी हिला मोआबच्या वाळवंटात, खडकांत दामटलीय," अर्लीन म्हणाली. हॉलिस वारल्यापासून त्याची पेट्रोलवरची जीप घरापुढे नुसती उभी होती.

जुनी गाडी विकत घ्यायला आलेला कोडी जीपखाली सरपटत गेला आणि खूश होऊन बाहेर आला. "मावशी, थट्टा करता होय! खाली एक ओरखडा नाही. खडकांत चारही चाकांना जोर देणारा फोर-व्हीलचा दांडा तर कुणी हलवलेलाच नाही. ही डांबर सोडून कधी कुठं गेलेलीच नाही. घेतली मी!"

अर्लीन जीपच्या दारावर हात ठेवून उभी राहिली. दर रविवारी तिनं याच दारांवरचा लाल चिखल घासून काढला होता. कॉफीचा कप घेऊन शेजारी उभा हॉलिस म्हणायचा, "दारं तेवढी धू गं राणी. खालचं माझं मी बघतो."