उलटं भोक

फियुमे बंदरात आमच्या कारखान्याचा टॉर्पेडो चाचणीला सुटला, की पाण्यात ओळीने टांगलेली तीन जाळी फाडत जायचा. भोकं बघून साहेब लोक त्याची खोली ठरवायचे. आम्ही त्याला मासा म्हणायचो. मासा जाळी फाडणार आणि पगार आम्हाला, असा उलटा धंदा.

सोमवारी सुटलेला मासा परत वर आलाच नाही. जाळी शिवून पुन्हा टांगली. मंगळवारी काही सोडलं नव्हतं, तरी सर्वांत लांबचं जाळं फाटलं. ते शिवणारा म्हातारा फ्राने, आम्हा सगळ्यांचा बार्बा म्हणजे काका, म्हणाला, "दोरे समुद्राकडे वळायला हवेत. हे आपल्याकडे वळलेत."

"घरची आठवण आली असेल त्याला, बार्बा," मी म्हणालो. सगळे हसले.

बुधवारी मधलं जाळं फाटलं. दोरे आपल्याकडेच. कोणी हसलं नाही.

गुरुवारी दुपारपर्यंत जवळचं जाळं धड होतं. "सासरेबुवा, उगाच घाबरवलंत की!" म्हणत फ्रानेच्या जावयाने, लुकाने, धक्क्याखालच्या, मासा सोडायच्या नळीच्या तोंडावरचं शेवाळ काढायला बुडी मारली. त्याच्या कमरेच्या दोराचं टोक माझ्या हातात होतं. एक हिसका म्हणजे सगळं ठीक, दोन म्हणजे वर ओढा.

"वर घे रे त्याला," फ्राने एकदम म्हणाला.

पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. आत काहीच दिसत नव्हतं. फक्त जवळचं जाळं सावकाश आमच्या बाजूला फुगत होतं.

मी ओढणार, तोच दोराला खालून हिसका बसला. एकच.