सातबाऱ्यावरचं नाव

"जमीन कोणाची?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

जव्हारच्या कचेरीत रघू हात जोडून उभा होता. मागच्या बाकावर तुळशीदास गुरुजी मनातल्या मनात नाम घेत होते. जामसरच्या रस्त्यालगतची दीड एकर या एका उत्तरावर टांगणीला लागली होती.

आदिवासीची जमीन गुरुजींसारख्याला सरकारी परवानगीवाचून घेता येत नव्हती. ठाण्याच्या दलालानं वाट दाखवली. "त्यांच्यातलाच माणूस धरा, पण विश्वासाचा. सातबारा त्याचा, पैसा तुमचा. पर्यटकांसाठी खोल्या बांधणारा मी आणतो. भाड्यातून हप्ता फिटेल. निवृत्तीनंतर बसून खा." गुरुजींनी भविष्यनिर्वाह निधी काढला, उरलेल्यासाठी पतपेढीचं कर्ज घेतलं. माणूस शोधावाच लागला नाही.

रघू त्यांच्या भजनात टाळ धरायचा. माळकरी. बारा वर्षांत त्याच्या तोंडून कुणी खोटं ऐकलं नव्हतं. बुवा कीर्तनात सत्याचा महिमा सांगू लागले, की गुरुजी भर मंडपात कौतुकानं त्याच्याकडे बोट दाखवायचे.

"नाव त्याचं तर शेत त्याचं," गुरुजींच्या पत्नी मंजुषाबाई म्हणाल्या होत्या. "आपण काय, तोरण बांधायला?"

"अगं, तो रघू आहे!" गुरुजींनी विषय मिटवला होता.

मग जमीन बेनामी असल्याचा कुणीतरी अर्ज केला. चौकशी लागली. महिनाभर गुरुजी रघूला पढवत होते.

"एवढंच म्हणायचं, माझी."

"पन गुरुजी, ती तुमची हाय. मना नाय जमायचं."

"अरे, कुणाचा संसार वाचवायला बोललेलं खोटं देव धरत नाही. इतकी कीर्तनं ऐकलीस, ती काय वाऱ्यावर?"

चार दिवस रघू भजनाला फिरकला नाही. पाचव्या दिवशी आला. म्हणाला, "बोलतो."

पैसा गुरुजींचा, असं लिहिलेला दोघांमधला करार तेवढा पुरावा उरला होता. तोही आदल्या संध्याकाळी गुरुजींनी आपल्या हातानं चुलीत घातला.

"जमीन माझी," रघू म्हणाला.

आवाज जरासुद्धा हलला नाही. अधिकाऱ्यांनी त्याच्या डोळ्यांत पाहिलं, जबाबावर सही घेतली आणि फाईल मिटली.

बाहेर आवारात गुरुजींनी त्याला मिठीच मारली. डोळे भरून आले होते. "तारलंस रे बाबा! आता रविवारी खोल्या बांधणारा येतोय. भाडेपट्ट्यावर तेवढी सही कर, की सुटलो."

"नाय करनार."

"का रे?"

"माझी बायको तानी नागली पेरनार हाय तिथं."

गुरुजी हसले. रघू हसला नाही. मग गुरुजींचंही हसू विरलं. त्यांनी ओरडायला तोंड उघडलं. दोन हातांवर कचेरीच्या दारात शिपाई उभा होता, त्यांच्याकडेच बघत. जमीन कोणाची, हे आता त्यांना जन्मात कुठं बोलता येणार नव्हतं.

रघूनं वाकून नेहमीसारखा त्यांच्या पायांना हात लावला.

"तुमचा देव धरत नसंल, गुरुजी. पन मना खोटं बोलवत नाय," तो हळूच म्हणाला. "म्हनून आधी ती माझी केली, मंग बोललो."